कपडे वाळत घालायचे कुठे?

आमच्या बिल्डिंगचा टॉवर झाला त्याला आता दीड वर्ष होईल. गेल्या जुलैत लिफ्टशेजारच्या फलकावर कमिटीने सूचना लावली: दर्शनी बाजूच्या बाल्कनीत किंवा खिडकीत कपडे वाळत घालू नयेत, इमारतीच्या सौंदर्यास बाधा येते, नियम मोडणाऱ्यास दर वेळी ५०० रुपये दंड. दुसऱ्या दिवशी तिच्याखाली कुणीतरी बॉलपेनने लिहिलं, 'मग काय कमिटीच्या ऑफिसात घालू?' तिथून जे पेटलं ते वार्षिक सभेपर्यंत धुमसत राहिलं. एका बाजूचं म्हणणं, टॉवरमध्ये राहायला आलात, आता चाळीच्या सवयी सोडा. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, घर आमचं, बाल्कनी आमची, लुंगीही आमची, तुमच्या पोटात का दुखतं? मुलुंड पूर्वेच्या आमच्या एका गल्लीत चार टॉवर झालेत आणि चारही ठिकाणी थोड्याफार फरकाने हेच भांडण आहे. बोरिवलीला, ठाण्याला, डोंबिवलीला नातेवाईक आहेत, तिथलीही कथा हीच. घरची धुणी चव्हाट्यावर दिसू नयेत म्हणून काढलेल्या नियमाने सोसायट्यांची धुणी मात्र चव्हाट्यावर आणली.

मला हा वाद दोन्हीकडून चुकीचा वाटतो. एक बाजू शिस्तीबद्दल बोलते, दुसरी हक्काबद्दल, आणि जिच्यावरून भांडण सुरू झालं ती ओली चादर तशीच बादलीत पडून आहे. पाच माणसांच्या घरात रोज एक पिळा निघतो. तो वाळवायला या सव्वा-दीड कोटीच्या घरात जागा कुठे काढली होती? घराच्या नकाशात, कागदावर, कुठे? माझं म्हणणं एवढंच की उपनगरात आज जी नवी कुटुंबाची घरं बांधली जाताहेत, ती पारखायची सुरुवात हॉलपासून करू नये, धुण्यापासून करावी. जिथे कपडे नीट वाळतात तिथे ऊन येतं, वारा खेळतो, पाऊस आडवा शिरत नाही आणि घरकाम करणाऱ्या माणसाला उभं राहायला जागा असते. जिथे वाळत नाहीत तिथे या चारांपैकी निदान दोन गोष्टींची बोंब असते. उजेड मोजायला आर्किटेक्टकडे यंत्रं असतील. आपल्याकडे टॉवेल आहे.

हे शहाणपण मला उशिरा सुचलंय, हे आधीच कबूल करतो. रिडेव्हलपमेंटच्या सगळ्या सभांना मी हजर होतो. तीन वर्षांत आम्ही काय काय घासलं! किती टक्के जादा एरिया, कॉर्पस म्हणजे बिल्डरकडून मिळणारी ठोक रक्कम किती, भाडं किती, दलाली कुणी द्यायची, पार्किंग स्टॅकचं की पोडियमचं, बँक गॅरंटी कधी सुटणार. सहकार कायद्यातल्या ७९-अ कलमाची प्रक्रिया, ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय, एक्कावन्न टक्क्यांची संमती, सगळं पाठ झालं होतं. नकाशा पडद्यावर लावला तेव्हा लोकांनी आपापला मजला शोधला आणि मास्टर बेडरूममध्ये किंग साइझ पलंग बसतो का ते पाहिलं. त्या सभेत माझ्या बायकोने हात वर करून विचारलं, 'धुणं कुठे वाळत घालायचं?' हशा झाला. आर्किटेक्ट हसला नाही, पण म्हणाला, 'मॅडम, ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनचा पॉइंट दिलाय.' ती म्हणाली, 'मी धुण्याचं नाही, वाळवण्याचं विचारतेय.' तोपर्यंत मागून कुणीतरी पार्किंगचा विषय काढला होता. मीही त्या हशात होतो.

आमचं जुनं घर चारशे फुटांचं, एक बेडरूम, रस्त्याच्या अंगाला साडेतीन फुटी गॅलरी. नवं घर पाचशे चाळीस फुटांचं, दोन बेडरूम, दोन बाथरूम. पस्तीस टक्के जादा, ठरल्याप्रमाणे. आता ती ड्राय बाल्कनी कशी आहे ते सांगतो. तीन फूट बाय पाच फूट. त्यात वॉशिंग मशीन, त्यावर गॅसवाला गीझर, कोपऱ्यात पाइपची नळकांडी, आणि उरलेल्या जागेत दार उघडतं. तिची एकुलती एक उघडी बाजू डक्टमध्ये, म्हणजे इमारतीच्या पोटातल्या उभ्या पोकळीत. डक्टच्या पलीकडे शेजाऱ्यांची ड्राय बाल्कनी, खाली अकरा मजल्यांचा अंधार, वर सात मजल्यांचा, आणि कुठल्याशा मजल्यावरच्या फोडणीचा वास. तिचं नाव ड्राय आहे, पण तिथे काही वाळत नाही. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत आमच्या हॉलमध्ये, पंख्याखाली, स्टीलचं घडीचं स्टँड उभं असतं. पाहुणे आले की ते बेडरूममध्ये ढकलायचं. सांताक्रूझच्या वेधशाळेत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला जातो. असल्या गावात बांधलेल्या घराच्या नकाशात ओला कपडा गृहीतच धरलेला नाही, हे जरा विचित्र नाही का?

आता विरुद्ध बाजूचं सगळ्यात वजनदार म्हणणं. 'हे सगळे गॅलरीचे उमाळे म्हणजे चाळीचं स्मरणरंजन आहे. त्या गॅलरीच्या टोकाला सगळ्यांना मिळून एक संडास होता हे विसरलात का?' विसरलो नाही. माझं लहानपण लालबागला मामाच्या दहा बाय बाराच्या खोलीत जा-ये करत गेलं. आठ माणसं, एक मोरी, मोरीला पडदा. मामी साडी कधी बदलायची आणि कुठे, हे मला मोठा होईपर्यंत कोडं होतं. तान्ह्या मुलाच्या आईला, पाळीतल्या मुलीला, रात्री तीनदा उठणाऱ्या म्हाताऱ्याला घरातल्या घरात कडी असलेलं दार मिळणं, ही गेल्या शंभर वर्षांत मुंबईच्या घरात झालेली सर्वांत मोठी सुधारणा आहे आणि ती गॅलरीच्या कितीतरी वरची आहे. चाळीतल्या जिव्हाळ्याचे गोडवे गाणाऱ्यांत त्या मोरीत भांडी घासलेल्या बायका फारशा दिसत नाहीत, हेही मान्य. तेव्हा अटॅच्ड बाथरूमची टिंगल करणाऱ्यांच्या पंक्तीला मी बसणार नाही. पण संडास मिळाला म्हणून ऊन गेलं, असा सौदा कधी, कुणी केला? दोन्ही एकत्र देता येत नाहीत, हे कुणी सिद्ध केलं?

उलट या शहराचा इतिहास पाहिला तर ऊन-वारा हा इथे कधी चैनीचा विषय नव्हताच. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग निघाला. माणसं मेली, गिरण्या ओस पडल्या, लाखोंनी गाव सोडलं. त्यातून १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट उभा राहिला. दादर-माटुंग्याची आखणी, हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी ही त्याचीच देन. त्या ट्रस्टच्या जे. पी. ऑर यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात साडेत्रेसष्ट अंशांचा नियम लावून धरला. भिंतीच्या पायापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेघ ओढली तर तिचा कोन साडेत्रेसष्ट अंशांच्या वर जाऊ नये. सोप्या हिशेबात, दोन इमारतींत वीस फूट अंतर असेल तर समोरची चाळीस फुटांपेक्षा उंच नको, म्हणजे तळमजल्याच्या खोलीतही आकाशाचा तुकडा दिसतो. ब्रिटिशांना आपल्या आजोबा-पणजोबांचा फार कळवळा होता अशातला भाग नाही. प्लेग गोऱ्यांनाही होतो, हे त्यांना उमगलं होतं. काही असो, नियम मोजता येण्याजोगा होता. आज मुंबईत इमारतीभोवतीची मोकळी जागा कमी पडली तर अधिमूल्य भरून सवलत मिळते. कोन पैशांत मोडता येऊ लागला.

त्याची किंमत कोण मोजतं, तेही आपल्याला माहीत आहे. गोवंडी-मानखुर्दकडच्या पुनर्वसन वसाहती पाहा. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख, पीएमजी कॉलनी. दोन इमारतींत हात लांब केला तर समोरच्या ग्रिलला लागेल असं वाटावं इतकं अंतर. 'डॉक्टर्स फॉर यू' संस्थेच्या आणि आयआयटी मुंबईच्या मंडळींनी तिथे पाहणी केली आणि उजेड-वारा न पोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर क्षयरोग अधिक असल्याचं २०१८ मध्ये मांडलं. आमच्या मुलुंडच्या टॉवरची आणि त्या वसाहतीची तुलना केली की आमच्याकडच्या लोकांना राग येतो. येऊ दे. आमची ड्राय बाल्कनी ज्या डक्टमध्ये उघडते, तो डक्ट त्याच घराण्यातला आहे. फरक इतकाच, की तिथे अख्खं घर डक्टवर जगतं आणि आमच्याकडे फक्त घरकाम.

जाता जाता बीडीडी चाळींबद्दल. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाइल रोड, शिवडी इथे २०७ चाळी बांधल्या. खोली साधारण १६० चौरस फुटांची. गिरणगावातल्या खासगी चाळींना बाहेरून गॅलरी असायची. बीडीडीच्या चाळीत मधून बोळ आणि दोन्ही बाजूंना खोल्या. बोळात ऊन कुठलं? तेव्हा लोकांनी खिडकीबाहेर काठ्या आणि दोऱ्या काढल्या आणि शंभर वर्षं त्या इमारती कपडे मिरवत उभ्या राहिल्या. सरकारने जे नकाशात दिलं नाही, ते भाडेकरूंनी भिंतीवर लिहून दाखवलं. आज त्याच जागी पाचशे फुटांच्या घरांचे टॉवर उभे राहताहेत. तिथे राहायला गेलेल्यांच्या आनंदात मी पाणी घालणार नाही, तीन पिढ्यांनी वाट पाहिली आहे. पण दोऱ्या पुन्हा निघाल्या तर त्याला बेशिस्त म्हणायच्या आधी कुणीतरी नकाशा उघडून पाहावा.

गॅलरी गेली कशी, यात आपलाही हात आहे. आमच्या जुन्या बिल्डिंगमधल्या सोळापैकी अकरा घरांनी गॅलरी सरकत्या खिडक्या लावून आत घेतली होती, त्यात आमचंही घर. मुलगा दहावीला होता, त्याला टेबल लावायला जागा हवी होती. पण गॅलरी घेतली तरी खिडकीबाहेर ग्रिल होतं, ग्रिलवर पत्रा होता, पत्र्याखाली दोऱ्या होत्या. कपड्यांची सोय हलली, मेली नाही. तिला खरं संपवलं ते हिशेबाने. १९९१ च्या विकास नियमावलीत फुलझाडांचे वाफे, कोनाडे, शोभेचे सज्जे असल्या गोष्टी एफएसआयमध्ये, म्हणजे भूखंडावर किती बांधता येईल त्या हिशेबात, धरत नसत. बिल्डरांनी वाफे काढले, त्यात एकही झाड लावलं नाही आणि ती जागा खोलीत मिळवून विकली. हा घोळ थांबवण्यासाठी २०१२ मध्ये हे सगळं एफएसआयमध्ये मोजायला घेतलं आणि बदल्यात निवासी इमारतींना पस्तीस टक्के फंजिबल, म्हणजे हवा तसा वापरता येणारा जादा एफएसआय दिला. बरोबरच केलं. पण एकदा प्रत्येक फूट मोजला जाऊ लागला की ज्या फुटाला भाव कमी, तो आधी कापला जातो. वाफ्यांच्या पापात गॅलरीही बुडाली.

मग घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठीचा रेरा आला. २०१६ चा कायदा, आणि २०१७ च्या मेपासून पूर्ण लागू. सुपर बिल्ट-अपच्या नावाखाली जिने, लॉबी आणि आकाशही विकलं जायचं, ती लूट या कायद्याने बरीच थांबवली, त्याबद्दल त्याचे आभारच मानले पाहिजेत. मात्र त्यातली कार्पेटची व्याख्या पाहा. घराच्या आतली वापराची जागा धरायची, मधल्या भिंतींसकट. बाहेरच्या भिंती, डक्ट आणि घराला जोडलेली बाल्कनी सोडून द्यायची. व्याख्या म्हणून चोख. पण आता सगळा बाजार एका आकड्यावर चालतो आणि बाल्कनी त्या आकड्यात नाही. सभेत 'पाचशे चाळीस रेरा कार्पेट' हे शब्द आम्ही मंत्रासारखे म्हणत होतो. बिल्डरने आम्हाला पाचशे चाळीस अक्षरशः दिले, सगळे भिंतींच्या आत. दर्शनी बाजूला हॉलला लागून जी दोन फुटी पट्टी उरली, तिला काचेचं रेलिंग लावून तो 'डेक' म्हणतो. आरपार काच. तिथे बनियन वाळत घातला तर रस्त्यावरून दिसणारच, आणि मग सौंदर्यास बाधा.

'पण जागेचा भाव बघा ना,' हा पुढचा आक्षेप, आणि तो पोकळ नाही. आमच्याकडे नव्या घराला कार्पेटच्या फुटाला पंचवीस हजारांच्या आसपास मोजावे लागतात. चार बाय सहाची धुण्याची गॅलरी म्हणजे चोवीस फूट, म्हणजे सहा लाख रुपये. चड्ड्या-बनियन वाळवायला सहा लाख! हा आकडा ऐकून मीही एकदा गप्प बसलो होतो. मग आमच्या मजल्यावरच्या चार घरांनी आत काय खर्च केलाय त्याची सहज चौकशी केली. फॉल्स सीलिंग, त्यात लपवलेले दिवे, टीव्हीमागे लाकडी पट्ट्यांची भिंत, पलंगामागे गादीची भिंत, काचेच्या ट्रॉल्या. सात लाखांच्या खाली कुणी नाही. राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या खोलीची किमान उंची पावणेतीन मीटर, म्हणजे जेमतेम नऊ फूट. त्यातले सात-आठ इंच आपण स्वतःच्या पैशाने कमी करून घेतो आणि मग उकडतं म्हणून एसी लावतो. (फॉल्स सीलिंगवर मला जास्त बोलायचं नाही, ज्याला आवडतं त्याने करावं. पावसाळ्यात त्याच्यावर पिवळा डाग उमटला की वरच्या मजल्याशी बोलणं बंद होतं, एवढंच.) पैसा नव्हता असं नाही. तो नजरेस पडणाऱ्या गोष्टींवर गेला.

यावर मुक्त बाजाराचे पुरस्कर्ते म्हणतील, लोकांना जे हवं ते बिल्डर देतो, तुम्ही कोण सांगणार? लोकांना काय हवं ते कुठे ठरतं, ते बघायला घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही नव्या प्रकल्पाच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये जावं. मी चार पाहिले. पलंग जरा आखूड, कपाट जरा उथळ, खोल्यांना दारं नाहीत, उजेड भरपूर. स्वयंपाकघरात काचेच्या बरणीत रंगीत पास्ता. केरसुणी नाही, बादली नाही, शिडी नाही, गव्हाचा डबा नाही, गणपतीचं मखर ठेवायला माळा नाही. तिथे एकदाही कपडे धुतले गेलेले नाहीत. मी विक्री करणाऱ्या मुलीला विचारलं, 'कपडे कुठे वाळवायचे?' बिचारी प्रामाणिक होती; म्हणाली, 'सर, हे आजवर कुणी विचारलं नाही.' ज्या घरात कुणी राहत नाही ते घर बघून आपण राहायचं घर निवडतो. याला पसंती म्हणायचं? दाखवायला नेलेल्या मुलीला काल सर्दी झाली होती का, हे पूर्वी कुणी विचारत नसे, तसलीच ही पसंती.

यंत्राचा मुद्दा राहिला. ड्रायर घ्या, प्रश्न मिटला. घेणाऱ्याने जरूर घ्यावा. पण साध्या ड्रायरला एका घाण्यामागे दोन-तीन युनिटं वीज लागते, दुसरं यंत्र ठेवायला परत जागा लागते, आणि सुती साड्या, चादरी, गोधड्या त्यात घालाव्यात असं निदान आमच्या घरात कुणाला वाटत नाही. शिवाय वर्षातले आठ महिने बाहेर फुकटचं ऊन पडलेलं असताना अठराव्या मजल्यावर विजेने कपडे वाळवायचे, याला प्रगती म्हणणं अवघड जातं. स्टँडवर घरातच वाळवण्याचं म्हणाल, तर एका पिळ्यातून लिटरभर तरी पाणी हवेत जातं, आणि ते तिथेच राहतं, आपल्याबरोबर. कपाटामागची बुरशी, चपलांवरची पांढरी साय, शाळेच्या युनिफॉर्मचा कुबट वास हे सगळं त्यातून येतं. आमच्या नातीला दमा आहे. तिच्या खोलीत स्टँड न्यायचं नाही, हा घरचा नियम झालाय. दोन बेडरूमच्या घरात एक खोली बाद झाली की उरतं काय?

उंचीचा मुद्दा मात्र खरा आहे आणि कमिटीने तोच धरायला हवा होता. वाऱ्याने अठराव्या मजल्यावरून ओली चादर सुटली, कुंडी पडली, चिमट्यांची टोपली खाली आली, तर सौंदर्याला नाही, डोक्याला बाधा येते. पण त्यावर तोडगा काढायचा की दंड? सभेत शिस्तीचे समर्थक वारंवार सिंगापूरचा दाखला देत होते. तिथे बघा कसं सगळं चकाचक. म्हणून सिंगापूरचंच उदाहरण घेऊ. हवामान आपल्यासारखं दमट, जमीन आपल्याहून टंचाईची, घरं उंच, आणि दंडाच्या बाबतीत तर त्या देशाचा हात धरणारं कुणी नाही. वरून काही खाली टाकलं तर तिथे कडक शिक्षा होते. आणि त्याच सिंगापूरच्या सरकारी गृहनिर्माण मंडळाने आपल्या इमारतींच्या मागच्या भिंतींत बांबू रोवायला खोबण्या करून दिल्या होत्या. बांबूवर कपडे ओवायचे, बांबू बाहेर रोवायचा. पुढे स्वयंपाकघरामागे धुण्याची स्वतंत्र जागा आली. लोकसंख्येच्या बहुसंख्य भागाला त्या मंडळाने घरं दिली आणि ती देताना कपडे वाळवायचे असतात, हे गृहीत धरलं. शिस्त हवी असेल तर अशी हवी.

आपल्याकडे गृहीत का धरलं जात नाही? मला वाटतं, याचं उत्तर आमच्या सभांच्या हजेरीपटात आहे. सभा असायची रविवारी सकाळी अकराला. रविवारी सकाळी अकराला उपनगरातल्या घराघरात काय चालू असतं? आठवड्याच्या चादरी, मुलांचे युनिफॉर्म, मटणाचा किंवा वड्यांचा घाट. सभासदांच्या नावाने सही करायला पुरुष यायचे, बायका आल्या तरी पाच-सहा. ज्यांनी नकाशा मंजूर केला त्यांतल्या बहुतेकांनी चिमटा हातात धरला नव्हता. मी माझ्यावरूनच सांगतो. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी वीस वर्षं येताहेत, जुन्या घरापासून. त्यांना तर सभेला कोण बोलावणार? नवं घर बघून त्यांनी कौतुक केलं, फरशीवरून हात फिरवला, आणि आठवड्याभराने बायकोला म्हणाल्या, 'ताई, घर झकास आहे, पण मला वाकायला तुमचं जुनंच बरं होतं.' ड्राय बाल्कनीत मशीन लावल्यावर बादली ठेवून वाकलं की पाठ दाराला लागते. संहितेत बाथरूमचं किमान माप आहे, संडासाचं आहे, स्वयंपाकघराचं आहे. आमच्या नकाशाच्या मंजुरीत ही सगळी मापं तपासली गेली. मावशींच्या पाठीचं माप कुणी घेतलं नाही.

आणि वाळवण? त्याचं नाव काढायची सोय नाही. जुन्या गच्चीवर एप्रिलमध्ये साड्या पसरून कुरडया, साबुदाण्याच्या पापड्या घातल्या जायच्या, कावळ्यांवर राखण म्हणून पोरांना बसवायचे. नव्या गच्चीला कुलूप आहे. वर टाक्या, सोलरचे तक्ते, अग्निशमनाचे पंप. किल्ली वॉचमनकडे, वॉचमनला कमिटीचं पत्र हवं. कुरडया आता विकत मिळतात, त्या चांगल्याही असतात, रडण्यासारखं त्यात काही नाही. फक्त मौज वाटते की वाळत घालायची जी जी गोष्ट होती, तिला आपण एकेक करून वाळीत टाकलं.

बैठकीच्या अंगाने घर सजवण्याची हौस काही आजची नाही. जुन्या वाड्यांतही दिवाणखान्याला हंड्या-झुंबरं आणि माजघरात काळोख असायचा. बाळंतिणीची खोली तर सगळ्यात अंधारी. नंतर कडप्प्याचा ओटा आला, मुंबईत १९५५ पासून सिलिंडरच्या गॅसची शेगडी येऊ लागली, बसून स्वयंपाक करणारी बाई उभी राहिली आणि स्वयंपाकघराला हळूहळू खिडकी मिळाली. चुलीचा धूर डोळ्यांत जातो हे नकाशा काढणाऱ्याला पटायला दोन पिढ्या लागल्या. आजचं मॉड्युलर किचन काही झालं तरी त्या अंधाऱ्या माजघराहून शंभर पटींनी बरं आहे. तिथवर आपण आलो, तर तिथून पाच पावलांवरच्या धुण्यापाशीच का अडायचं?

आमच्या टॉवरचं आता काही होत नाही. भिंती उठल्या, ताबा मिळाला, ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्रही आलं. कमिटीला मी एवढंच लिहून दिलंय की दंडाची सूचना काढा, आणि वाऱ्याची भीती असेल तर सगळ्यांना एकाच मापाच्या, डेकच्या आतल्या बाजूला, रेलिंगच्या उंचीखाली बसणाऱ्या दांड्या लावून द्या. उत्तर आलेलं नाही. पण शेजारच्या बिल्डिंगची रिडेव्हलपमेंट आता सुरू होतेय. त्यांच्या अध्यक्षांनी, 'तुमचा अनुभव सांगा,' म्हणून मला बोलावलं. मी एक कागद घेऊन गेलो. करारनाम्याला जोडायच्या परिशिष्टात लिहून घ्या, म्हटलं: स्वयंपाकघराला लागून चार बाय सहाची जागा, एक बाजू बाहेर उघडणारी, डक्टमध्ये नव्हे, वर दोन फुटांचा छज्जा, कमरेपर्यंत भिंत आणि त्यावर झडपा, म्हणजे वारा येईल आणि चड्ड्या दिसणार नाहीत, स्लॅबमध्ये वीस किलो ओझं पेलणारे हूक, फरशी दोन इंच खोल आणि कोपऱ्यात पाणी जायला जाळी. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि विचारलं, 'पण मग हे कार्पेटमध्ये धरायचं की बाहेर?'

मी म्हटलं, बाहेर धरा, वेगळं मागा, आणि त्यासाठी हॉलमधले दहा फूट सोडावे लागले तर सोडा. ते म्हणाले, सभेपुढे ठेवतो. सभा येत्या रविवारी सकाळी अकराला आहे. ती संध्याकाळी घ्या, असंही मी कागदाच्या खाली लिहून दिलंय.